चूक माझी नव्हती, हे दाखवायचं कसं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज अडचण आली म्हणून धागा काढतेय.

परवा संध्याकाळी सिग्नलला उभी होते. पाय ब्रेकवर, गाडी न्यूट्रलला. मागून धाडकन आवाज आला आणि शेजारच्या सीटवरची पर्स खाली. आरशात बघते तर मागच्या गाडीचं नाक माझ्या डिकीला चिकटलेलं. उतरले आणि तोंडातून पहिला शब्द काय निघावा? "सॉरी!" माझ्या पायावर कुणी पाय दिला तरी सॉरी मीच म्हणते, त्यातलाच प्रकार.

समोरचे गृहस्थ अगदी गोड बोलले. "मॅडम, माझंच लक्ष नव्हतं. मागे गाड्या तुंबल्यात, आधी बाजूला घेऊ." घेतल्या. "विमा वगैरेच्या भानगडीत कशाला पडायचं, बिल पाठवा, देऊन टाकतो." माझं अंग थरथरत होतं, घरी जायची घाई होती. मागच्या बाजूचा एक फोटो, त्यांच्या गाडीचा एक फोटो, फोन नंबर, आणि निघाले. काल खर्चाचा अंदाज पाठवला तर उत्तर आलं: "तुम्हीच रिव्हर्स आलात. तुम्ही स्वतः सॉरी म्हणालात, मिसेस साक्षीला आहे."

माझ्याकडे डॅशकॅम नाही. आता काय करू? आणि माझं काय काय चुकलं तेही लिहा, निदान पुढच्याला उपयोग होईल. इथली मंडळी देशोदेशी पांगलेली आहेत, तेव्हा कुठल्या देशात कुठला फॉर्म त्यात शिरू नका, कुठेही लागू पडेल असं सांगा.

फिरस्ता

गाडीचं नंतर. तुम्हाला लागलं नाही ना?

चाफेकळी

नाही हो. मान जरा आखडलीय सकाळपासून, पण ती झोपेत अवघडली असेल.

मणका

"झोपेत अवघडली असेल" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. फिजिओथेरपिस्ट आहे.

ताई, मागून धडक बसते तेव्हा सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते आणि डोकं क्षणभर जागच्या जागी राहतं. मानेला आधी मागे आणि मग पुढे हिसका बसतो. त्या वेळी अंगात ॲड्रेनलिन इतकं उसळलेलं असतं की दुखणं कळतच नाही. स्नायू आणि अस्थिबंधांची सूज हळूहळू चढते, त्यामुळे मान बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरते. याला व्हिपलॅश म्हणतात. १९९५ साली कॅनडातल्या क्वेबेकच्या एका तज्ज्ञगटाने याच्या ० ते ४ अशा पायऱ्या पाडल्या: ० म्हणजे तक्रारच नाही, ४ म्हणजे मणक्याचं हाड मोडलेलं किंवा निखळलेलं. तुम्ही १ किंवा २ मध्ये असाल, पण हे मी इथे बसून सांगणार नाही. आज डॉक्टरकडे जा आणि कागदावर नोंद करून घ्या. तीन आठवड्यांनी गेलात तर समोरचा म्हणणारच, "हे दुखणं दुसरीकडून आणलंय."

हातात मुंग्या, बोटांत कमजोरी, वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, अवेळी झोप येणं यांपैकी काही असेल तर उद्यावर ढकलू नका. डोक्याला मार लागलेला माणूस तासभर छान गप्पा मारतो आणि मग कोसळतो, असं कवटीच्या आतल्या एका प्रकारच्या रक्तस्रावात होतं. पोटावर सीटबेल्टचा वळ उमटला असेल, गरोदर बाई असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर काहीही दुखत नसलं तरी तपासून घ्यायचं.

आणि हो, साध्या आखडण्याला डॉक्टरने सांगितल्याशिवाय गळ्यात पट्टा बांधून बसू नका. जमेल तेवढी मान हलती ठेवलेली बरी.

बिनधास्त

बंपरला पोचा आला तर केवढं महाभारत! आमच्यावेळी दोन शिव्या द्यायच्या नि निघायचं. स्वतःच्या खर्चाने करून घ्या, विषय संपला.

वाकडा_पान्हा

@बिनधास्त, बंपरला पोचा येत नाही हीच तर गोची आहे. बाहेरून दिसतं ते प्लॅस्टिकचं कव्हर. ते दबतं आणि पुन्हा फुगून जागेवर येतं. त्याच्या मागे फोम, त्याच्या मागे आडवी पट्टी, आणि ती पट्टी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारे दोन डबे, जे चेपावेत म्हणूनच बनवलेले असतात. कव्हरवर ओरखडा आणि मागचा डबा चुरगळलेला, असं मी कित्येकदा बघितलंय. पुढच्या वेळी धडक बसली की चेपायला काही शिल्लकच नाही.

चाफेकळी, डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तळाच्या पत्र्याला लाटा आल्यात का बघा. डिकीच्या झाकणाची फट दोन्हीकडे सारखी आहे का, झाकण पूर्वीसारखं एका हाताने लागतं का, तेही बघा. गॅरेजला सांगा, कव्हर उतरवल्याशिवाय अंदाज देऊ नका. कव्हर न काढता दिलेला अंदाज म्हणजे अंदाजपंचे.

नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असतं. ते किंचित जरी तिरकं झालं तरी शेजारच्या लेनमधली गाडी दिसायची ती दिसत नाही. बंपर निघालं की ते पुन्हा जुळवून घ्यायचं, आणि जुळवल्याचा कागद मागायचा.

शंकेखोर

पण कायद्याने मागचाच दोषी असतो ना? मग एवढी चर्चा कशाला?

मापट्या

बहुतेक ठिकाणी गृहीतक तसं आहे, कारण अंतर राखणं मागच्याचं काम. पण गृहीतक मोडता येतं, आणि "ती रिव्हर्स आली" हा ते मोडायचा सगळ्यात जुना मार्ग. दुसरा मार्ग "तिचे ब्रेकलाइट बंद होते". नोकरीची सगळी वर्षं मी विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, होतो, आता निवृत्त. चूक कुणाची आणि चूक कुणाची आहे हे दाखवता कुणाला येतं, या दोन प्रश्नांची उत्तरं दर वेळी एकच आली असती तर मला पगार मिळाला नसता. त्यात अनेक देशांत दोष टक्क्यांत वाटतात. तुमच्या माथी वीस टक्के मारले की भरपाईतून वीस टक्के गेले. समोरच्याला तुम्हाला पूर्ण दोषी ठरवायची गरज नसते, थोडासा संशय पेरला तरी त्याचं काम होतं.

पुढच्यांसाठी क्रमाने सांगतो.

आधी जीव. हझार्ड लाइट लावा, इंजिन बंद करा, आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत कधीही उभं राहू नका. लोक नेमके तिथेच वाकून पोचा बघतात. तिसरी गाडी येऊन मागच्या गाडीवर आदळली की गुडघ्यांचा चुरा. वेगाचा रस्ता असेल तर कठड्याच्या पलीकडे जायचं आणि तिथून फोन करायचा. अशा वेळी फोटोही गेले तरी चालतील.

धोका नसेल तर गाडी हलवण्याआधी एक मिनिट घ्या. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. चारही कोपऱ्यांतून लांबचे फोटो, ज्यात दोन्ही गाड्या, लेनचे पट्टे आणि सिग्नल एकत्र दिसतील. लोक उलट करतात, ओरखड्याचे पंधरा फोटो आणि रस्त्याचा एकही नाही. ओरखडा उद्याही तिथेच असतो. रस्त्यावर पडलेली काच आणि मातीचे ढेकूळ (धडकेने गाडीखालची वाळलेली माती गळते) धडक नेमकी कुठे झाली ते सांगतात, आणि दहा मिनिटांत लोकांच्या टायरखाली नाहीसे होतात. ब्रेकच्या खुणांचंही तेच. मग समोरच्याची नंबरप्लेट, लायसन्स, विम्याचा कागद. त्याने तोंडी सांगितलेला नंबर तिथेच उभं राहून लावून बघा, त्याच्या खिशात वाजला पाहिजे.

फोटो मूळ स्वरूपात जपा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो आणि वेळ-ठिकाणाची नोंद गळून पडते. मेलने पाठवा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून.

बोलणं कमी. "लागलं का?" जरूर विचारा. "माझी चूक" म्हणू नका आणि "तुझी चूक" असंही भांडू नका. तुमच्या त्या एका सॉरीने आभाळ कोसळत नाही, घाबरलेला माणूस काहीही बोलतो हे सर्व्हेअरला ठाऊक असतं. पण ते टाळलेलं बरं.

आळशी_मांजर

साक्षीदारांबद्दल माझी भर. माणसं थांबतात, हळहळतात आणि निघून जातात. तेवढ्यात एकाचा तरी नंबर घ्यावा. गाडीतली बायको किंवा मित्र यांच्यापेक्षा फुटपाथवरच्या अनोळखी माणसाच्या शब्दाला वजन जास्त.

मी मानसशास्त्र शिकवते म्हणून आणखी एक. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर "आपटून चुराडा झाल्या तेव्हा" असं विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल, "एकमेकींना टेकल्या तेव्हा" म्हटल्यावर ३१.८. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच. तरी चुराड्याच्या गटातल्या ५० पैकी १६ जणांना ती "आठवली".

त्यामुळे चाफेकळी, आजच बसा आणि जे आठवतं ते लिहून काढा. कुणाशी चर्चा करून नव्हे, एकटीने. पाय कुठे होता, सिग्नलला किती वेळ उभ्या होतात, पुढची गाडी कोणती, आवाज एक आला की दोन. खाली तारीख आणि वेळ टाका. विम्याच्या माणसाने "अंदाजे किती वेगाने आदळले?" असं विचारलं तर "मला माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. लोकांना ते अर्धवट वाटतं आणि मग ते आकडा ठोकून देतात.

बिनधास्त

म्हणजे आता अपघात झाला की शोधनिबंध लिहायचा. चालू द्या.

मणका

तुम्ही धागा वाचताय हेच पुष्कळ झालं. :)

मापट्या

चाफेकळी, दोन प्रश्न. एक, स्वतःच्या विमा कंपनीला कळवलंत का? दोन, मागचा कुठला दिवा फुटलाय का? फुटला असेल तर तो बदललात का?

चाफेकळी

कळवलं नाही. मला वाटलं, क्लेम करायचा नसेल तर कशाला कळवा, उगाच नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जायचा. डाव्या बाजूच्या दिव्याची काच फुटलीय आणि आतले बल्ब पण. उद्या बदलायला टाकणार होते.

मापट्या

थांबा! दिव्याला हात लावू नका.

पहिलं विम्याचं. कळवणं आणि क्लेम करणं या दोन वेगळ्या गोष्टी. बहुतेक पॉलिसींमध्ये अपघात लगेच कळवायची अट असते. उद्या त्या गृहस्थांनीच तुमच्यावर दावा ठोकला आणि तुमच्या कंपनीला तो त्यांच्याकडून कळला, तर उशीर तुमच्या नावावर. पुढे दोन वाटा. एक, थेट समोरच्याच्या कंपनीकडून भरपाई मागायची. दुसरी, आपल्या कंपनीकडून दुरुस्ती करून घ्यायची आणि समोरच्याकडून वसूल करायचं काम कंपनीवर सोपवायचं. दुसरीत सुरुवातीला आपल्या वाट्याची रक्कम भरावी लागते, पण भांडणारा कुणीतरी आपल्या बाजूला असतो. समोरचा पलटी मारतोय अशा वेळी मी दुसरीच वाट धरीन. वसुली पूर्ण झाली तर भरलेली रक्कम आणि बोनस यांचं काय होणार, हे मात्र आधी लेखी विचारा.

आता दिवा. तुमच्या गाडीला जुने तारेचे बल्ब आहेत की एलईडी?

चाफेकळी

गाडी अकरा वर्षांची आहे. तारेचेच.

मापट्या

उत्तम. पेटलेल्या बल्बची टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापलेली आणि म्हणून मऊ असते. त्या क्षणी हिसका बसला तर ती ताणली जाते, वेटोळी उलगडतात, तार लोंबते. काच फुटून तापल्या तारेला हवा लागली तर ती काळवंडते, आजूबाजूला पिवळट-पांढरी पूड बसते. विझलेल्या बल्बची तार थंड आणि ठिसूळ. ती एक तर तशीच राहते नाही तर कट्कन तुटते, आणि चकचकीत राहते.

तुमचा पाय ब्रेकवर होता. म्हणजे ब्रेकच्या बल्बची तार एका प्रकारची असायला हवी आणि त्याच दिव्यातल्या रिव्हर्सच्या बल्बची दुसऱ्या प्रकारची. तुम्ही रिव्हर्स येत असतात तर रिव्हर्सचा बल्ब पेटलेला असता. आता काच फुटलेली आहे, तेव्हा "दिवा चालतो का बघू" म्हणून ब्रेक दाबू नका, गाडी रिव्हर्सला टाकू नका. उघड्या तारेत आता वीज गेली की ती जळेल आणि सगळा पुरावा खोटा होईल.

आणखी एक. जमिनीपासून तुमच्या बंपरवरच्या खुणेची उंची मोजा. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक काही सेंटीमीटर खाली बसतं, म्हणून मागून ब्रेक दाबत आलेल्याची खूण त्याच्या बंपरच्या उभ्या उंचीपेक्षा खाली उमटते.

शंकेखोर

एक मिनिट. रिव्हर्स घेताना जोरात उसळी मारली तर हिच्या गाडीची मागची बाजू वर उचलली जाईल. तरीही खूण खालीच येणार. मग उंचीवरून काय ठरलं?

मापट्या

अगदी बरोबर पकडलंत. हलक्या रिव्हर्समध्ये मागची बाजू नावालाच उचलते, पण वाद घालायला जागा राहते. म्हणून उंची फक्त जोडीला ठेवायची, भिस्त बल्बवर.

चाफेकळी

आत्ता पार्किंगमधून वर आले. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात फूटपट्टी लावून गुडघ्यावर बसले होते, वॉचमनकाका दोनदा येऊन विचारून गेले.

खुणेचा वरचा काठ ४६ सेंटीमीटरवर. बल्ब काढले नाहीत, जवळून फोटो घेतले. वरच्या बल्बमधली तार सुटल्या धाग्यासारखी लोंबतेय, काळपट, आणि खाली खरंच पिवळसर भुकटी आहे, बोटाला लागेल अशी. लावली नाही. खालच्या बल्बची काच गेलीय पण तार सरळ आणि चकाकतेय. वरचा ब्रेकचा आणि खालचा रिव्हर्सचा, हे गाडीच्या पुस्तकात बघून खात्री केली.

वाकडा_पान्हा

क्या बात है! पंधरा वर्षं हे बल्ब काढून कचऱ्यात फेकतोय मी.

मापट्या

आता काहीही उलगडू नका. दिव्यावर पारदर्शक पिशवी चिकटवा, गाडी हलवू नका, कंपनीला लेखी कळवा की दिवा जसाच्या तसा आहे आणि तपासणी झाल्याशिवाय काढणार नाही. काढतील तेव्हा समोर उभ्या राहा, कुठला बल्ब कुठल्या खाचेतला त्याचा फोटो घ्या. नवीन गाडीत एलईडी असतात, तिथे हा उपाय नाही. पण त्यांच्या गाडीत धडकेची नोंद ठेवणारा डबा असेल तर त्यात आदळण्याआधीच्या साधारण ५ सेकंदांचा वेग आणि ब्रेक सापडतो. फार हलक्या धडकेची नोंद होत नाही, ते वेगळं.

फिरस्ता

सिग्नलवरच्या आणि जवळच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं विचारलं का? चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवीन चढतं. माझ्या वेळी मी दहाव्या दिवशी गेलो, तिथे सात दिवसांचंच राहत होतं. दुकानदार तुम्हाला देणार नाही कदाचित, पण "पुसू नका, पोलीस किंवा विमावाले मागतील" एवढं लेखी देऊन ठेवता येतं.

डॅशकॅमवाल्यांनो, तुमच्यासाठीही: तोही जुनं पुसत जातो. धडकेनंतर फाइल लॉक करा, नाहीतर कार्डच काढून खिशात टाका. माझ्या मेव्हण्याने अपघातानंतर गाडी घरापर्यंत चालवली आणि कार्डावर फक्त घरी परततानाचा प्रवास उरला.

आळशी_मांजर

अवांतर: मागच्या सीटवर मुलाची खुर्ची असेल तर तीही तपासायची. जोराच्या धडकेनंतर ती बदलतात, बाहेरून तडा दिसत नसला तरी. हलक्या धडकेबद्दल बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते बघा. तिची किंमतही नुकसानीत धरायची.

चाफेकळी

चार दिवसांनंतर खबरबात देते.

डॉक्टरकडे जाऊन आले. हाड शाबूत आहे, स्नायूंना हिसका. मणकादादांचं खरं निघालं, तिसऱ्या दिवशी मान वळवून मागे बघता येईना. नोंद झाली, बिलं एका पाकिटात.

सर्व्हेअरबाई आल्या. बल्ब बघून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" बल्ब त्यांनी डब्यांत घालून सील करून नेले. कव्हर उतरवल्यावर डावीकडचा डबा चेपलेला निघाला आणि तळाच्या पत्र्याला लाट आहे. सिग्नलच्या कॅमेऱ्याबद्दल अर्ज दिलाय.

आणि आज सकाळी त्या गृहस्थांचा मेसेज: "ताई, गैरसमज झाला. अर्धे अर्धे करून मिटवून टाकू. सोबतचा कागद सही करून पाठवा, आजच पैसे टाकतो." कागदावर "यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही" असं आहे. खरं सांगू, मोह होतोय. कंटाळा आलाय या सगळ्याचा.

मापट्या

मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून तर तो कागद चौथ्या दिवशी येतो, चाळिसाव्या दिवशी येत नाही. अजून तुमची मान बरी व्हायचीय, गॅरेजचं अंतिम बिल यायचंय. सहीनंतर पत्र्याखाली आणखी काही निघालं तर ते तुमचं. शिवाय कंपनी वसुली करणार असेल तर परस्पर तडजोड करून तुम्ही तिचाच हक्क मोडता, मग ती तुमच्याकडे बोट दाखवेल.

बिनधास्त

सही करू नका. (हो, मीच म्हणतोय.)

चाफेकळी

मग उत्तर काय देऊ त्यांना?

मापट्या

काही देऊ नका. कालपर्यंत "तुम्हीच रिव्हर्स आलात" म्हणणारा आज अर्धे द्यायला तयार आहे. दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख दिसेल असे. पुढचं सगळं कंपनीशी बोला एवढं एकदा कळवायचं असेल तर कळवा.

चाफेकळी

घेतले. सर्व्हेअरबाईंना मेलने पाठवले, व्हॉट्सॲपने नाही.